दशावताराच्या डीव्हीडीचे पुन्हा एन्कोडिंग: प्रकल्प नोंदी

४ जून २०२५

कुडाळच्या मामांकडून आलेली डीव्हीडी आज हाती घेतली. दशावतारावरचा, घरच्या घरी २००७ साली तयार झालेला ९८ मिनिटे १२ सेकंदांचा माहितीपट तिच्यावर आहे. मामा त्या काळी राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका करीत आणि जत्रेतल्या एका रात्रीच्या प्रयोगाचे दोन कॅमेऱ्यांनी केलेले चित्रण हा या माहितीपटाचा मोठा भाग आहे. गेल्या वर्षी त्यांनी एका दुकानातून तिची मोबाइलवर चालणारी फाइल करून घेतली होती. ती मला पाठवताना त्यांनी एवढेच विचारले होते: "तलवारीचो हात फाटल्यासारखो कित्याक दिसता गो?"

मामांनी नेमक्या दोषावर बोट ठेवले होते. आपल्याकडच्या पाल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असल्या, तरी मिनी-डीव्ही कॅमेरा प्रत्यक्षात सेकंदाला ५० वेळा टिपतो. प्रत्येक वेळी एकाआड एक अशा २८८ ओळी, म्हणजे एक फील्ड, आणि अशी दोन फील्डे एकात एक विणून ५७६ ओळींची एक फ्रेम बनते. जुन्या काचेच्या टीव्हीवर ही फील्डे एकामागून एक उमटत असल्याने काही खटकत नसे. मोबाइलचा पडदा मात्र दोन्ही फील्डे एकदम दाखवतो, आणि पन्नासाव्या भाग सेकंदाच्या अंतराने टिपलेले दोन हात एकमेकांत अडकून कंगव्याच्या दातांसारखे दिसतात. दुकानदाराने याहून मोठी चूक केली आहे. त्याने फील्डे वेगळी न करताच चित्राची उंची ५७६ वरून ४८० वर आणली, त्यामुळे वरच्या आणि खालच्या फील्डांच्या ओळी एकमेकींत कालवल्या गेल्या. अशी फाइल दुरुस्त होत नाही. म्हणून काम मूळ डिस्कपासूनच करायचे आहे आणि चतुर्थीला गावी जाताना ते पूर्ण होऊन सोबत न्यायचे आहे.

७ जून २०२५

डिस्कची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे सेक्टरनिहाय नक्कल, डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रॅमने काढली. घरगुती डिस्क असल्याने कुलूप वगैरे काही नव्हते, पण ओरखडे होते. पहिल्या ड्राइव्हवर २,०४८ बाइटांचे ३,४१२ सेक्टर वाचले गेले नाहीत. कोणते सेक्टर वाचले गेले हे नोंदणारी तीच नकाशा-फाइल ठेवून दुसऱ्या, जुन्या ड्राइव्हवर पुन्हा प्रयत्न केल्यावर ९६ सेक्टर उरले. हे ९६ सेक्टर ७१व्या मिनिटाच्या आसपास सात ठिकाणी विखुरलेले आहेत. बाइटांच्या हिशेबाने ही हानी पाव सेकंदाच्या आसपासची दिसते, पण डीव्हीडीवरच्या एमपेग-२ या व्हिडिओ पद्धतीत बहुतेक फ्रेम आधीच्या फ्रेमवर अवलंबून असतात आणि पाल डीव्हीडीवर असा एक गट जास्तीत जास्त १५ फ्रेमचा, म्हणजे ०.६ सेकंदाचा असतो. त्यामुळे सात ठिकाणांचे नुकसान पडद्यावर चार सेकंदांपर्यंत जाऊ शकते. आणि ते नेमके युद्धाच्या प्रसंगात आहे.

११ जून २०२५

डीजीइंडेक्स या प्रोग्रॅममधून व्हिडिओचा प्रवाह तपासला. एमपेग-२ मध्ये प्रत्येक फ्रेमसोबत ती प्रोग्रेसिव्ह (सबंध फ्रेम एकाच क्षणाची) आहे की नाही, आणि वरचे फील्ड आधीचे की खालचे, हे सांगणाऱ्या खुणा असतात. या डिस्कवर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत एकच उत्तर आहे: इंटरलेस्ड (दोन क्षणांची फील्डे विणलेली), वरचे फील्ड आधी. एन्कोडर एकदा ज्या पद्धतीवर लावला त्या पद्धतीवर तो शेवटपर्यंत चालतो, आत काय येते आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणून 'इंटरलेस्ड अशी खूण असेल तिथेच डीइंटरलेस करा', म्हणजे विणलेली फील्डे सोडवून पूर्ण फ्रेम बनवा, हा जो सोयीचा पर्याय बहुतेक प्रोग्रॅममध्ये असतो, तो इथे निरुपयोगी आहे.

खुणा बाजूला ठेवून एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रॅममधल्या आयडेट फिल्टरला चित्रच पाहायला लावले. सलग फ्रेम विचारात घेणाऱ्या मोजणीत एकूण १,४७,३०० फ्रेमपैकी ७९,४१० वरचे फील्ड आधी, १४,८७२ खालचे फील्ड आधी, ४६,१०५ प्रोग्रेसिव्ह आणि ६,९१३ अनिर्णित असे आकडे आले. प्रोग्रेसिव्ह आकडा अपेक्षित होता, कारण मुलाखती पाहतानाच हालचाल वेगळी जाणवली होती. चौदा हजारांहून अधिक फ्रेममध्ये फील्डांचा क्रम उलटा निघाल्याने मात्र थबकले. आयडेट इकडेतिकडे चुकतो, पण इतका चुकत नाही.

१५ जून २०२५

संपूर्ण माहितीपट कट-कट करून पाहिला आणि वहीत ११८ तुकड्यांची यादी केली. हे काम कोणताही फिल्टर आपल्यासाठी करील असे मला वाटत नाही. सबंध रविवार गेला. सामग्री अशी निघाली. रात्रीचा प्रयोग ६१ मिनिटांचा असून तो खराखुरा इंटरलेस्ड आहे. मुलाखती १९ मिनिटांच्या आहेत आणि त्या २५पी (सेकंदाला २५ प्रोग्रेसिव्ह फ्रेम) पद्धतीवर घेतलेल्या आहेत. त्या काळच्या काही मिनी-डीव्ही कॅमेऱ्यांत ही सोय होती आणि फ्रेममधली दोन्ही फील्डे एकाच क्षणाची असतात. ११ मिनिटे २० सेकंद जुन्या १६ मिलिमीटर फिल्मचे आहेत, जिथे फिल्मच्या एका चित्राला व्हिडिओची एक फ्रेम मिळालेली आहे. पाच मिनिटे स्थिर छायाचित्रे आहेत, पण संकलनाच्या प्रोग्रॅमने त्यांवरून फिरवलेला कॅमेरा फील्डागणिक सरकतो, म्हणून ती इंटरलेस्ड धरायची. उरलेली सुरुवातीची व शेवटची श्रेयनामावली आहे आणि तीही फील्डांवरच सरकते.

हे सगळे वेगवेगळ्या खोक्यांत नीट भरलेले असते तर प्रश्न नव्हता. मुलाखत मध्येच प्रयोगात विरघळते. त्या अर्ध्या सेकंदाच्या फ्रेममध्ये एक चेहरा प्रोग्रेसिव्ह आणि त्याखालचा नट इंटरलेस्ड असतो. अशा सर्व विरघळत्या जागा इंटरलेस्ड मानायच्या, असे ठरवून टाकले. विरघळताना कोणी चेहऱ्याची धार तपासत नाही.

१८ जून २०२५

उलट्या क्रमाचा उलगडा झाला. अ‍ॅव्हीसिंथ या लिपी लिहून व्हिडिओवर काम करण्याच्या प्रोग्रॅममध्ये वरचे फील्ड आधी असे गृहीत धरून फील्डे सुटी केली आणि बाणाच्या कळीने एकेक पुढे नेत गेले. पहिल्या कॅमेऱ्याच्या तुकड्यांत मामांची तलवार एका दिशेने सरळ जाते. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या तुकड्यांत ती एक पाऊल मागे येते, तीन पावले पुढे जाते, पुन्हा एक मागे आणि तीन पुढे. क्षण १, ०, ३, २, ५, ४ अशा क्रमाने येत असतील तर नेमके हेच दिसते.

कारणही तर्काने लागते. मिनी-डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी असते, आणि संकलनाचा हा प्रकल्प वरचे फील्ड आधी या पद्धतीवर होता. एका कॅमेऱ्याचे चित्रण आत घेताना प्रोग्रॅमला योग्य क्रम कळला आणि त्याने ते नीट बसवले. दुसऱ्याचे बहुधा वेगळ्या मार्गाने संगणकात गेले आणि त्यावर चुकीचा क्रम लागला. म्हणजे २००७ सालच्या टीव्हीवरही या कॅमेऱ्याची दृश्ये थरथरतच दिसली असणार. मामांना आज फोनवर विचारले, तेव्हा ते म्हणाले की 'त्या बाजूचो कॅमेरो धरणाऱ्याचो हात कापत होतो' असेच सगळे समजत आले आहेत. बिचाऱ्याचा हात अगदी स्थिर होता.

उपाय सोपा आहे. या ३४ तुकड्यांना खालचे फील्ड आधी असे सांगून मगच डीइंटरलेस करायचे. ओळी हलवाव्या लागत नाहीत, फक्त काळाचा क्रम बदलतो.

२२ जून २०२५

आज फिल्मचा भाग घेतला. पहिली पाच मिनिटे पन्नास सेकंद स्वच्छ आहेत. त्यानंतर अचानक प्रत्येक फ्रेममध्ये कंगवे दिसू लागतात, आणि आयडेटने हा भाग इंटरलेस्डमध्ये मोजला त्याचे कारणही तेच. पण फील्डे सुटी करून पाहिली तेव्हा दिसले की प्रत्येक चित्र दोनदाच येते. फक्त जोडी चुकलेली आहे. या फ्रेमचे वरचे फील्ड आणि आधीच्या फ्रेमचे खालचे फील्ड ही फिल्मच्या एकाच चित्राची दोन अंगे आहेत. फिल्म टेपवर उतरवताना किंवा नंतर टेपवर जोडकाम करताना एका फील्डाचा फरक पडला असावा. पालमध्ये हा दोष नवा नाही.

इथे डीइंटरलेस करणे म्हणजे हाती असलेल्या ५७६ ओळींपैकी निम्म्या फेकून त्या अंदाजाने पुन्हा रंगवणे. त्याऐवजी टीएफएम हा फील्डे जुळवणारा फिल्टर लावला. तो प्रत्येक फ्रेमसाठी आपले खालचे फील्ड आताच्या, मागच्या की पुढच्या फ्रेममधून घ्यायचे ते ठरवतो आणि निर्णय अक्षराने नोंदवतो. पहिल्या भागात सगळीकडे 'सी', म्हणजे आहे तेच. दुसऱ्या भागात सगळीकडे 'पी', म्हणजे मागचे. इतका एकसारखा निकाल आला की जोडी लागली याबद्दल शंका राहत नाही. फक्त प्रत्येक कटवर एक अनाथ फील्ड उरते, त्याला जोडीदारच नाही. तिथे त्याच्याच ओळींमधून उरलेल्या ओळी भरून घेतल्या. अशा जागा एकूण २३ निघाल्या आणि त्या सगळ्या डोळ्यांनी तपासल्या.

फिल्ममधली माणसे किंचित भराभर चालतात. २४च्या गतीची फिल्म २५ने चालवली की चार टक्क्यांनी वेग वाढतोच. पण या मूक चित्रणावरचे निवेदन नंतर या वेगाला धरूनच वाचले आहे, म्हणून तिथे हात लावला नाही.

२९ जून २०२५

मुलाखती सर्वांत सोप्या जातील असा समज होता. प्रोग्रेसिव्ह आहेत, तेव्हा दोन फील्डे आहेत तशी विणून ठेवायची, संपले. पण एका ज्येष्ठ मृदंगवादकांच्या खांद्यावरच्या लाल उपरण्याची आडवी कड मोठी करून पाहिली, तर ती करवतीच्या दातांसारखी दिसली. उजेड-अंधाराचा भाग अगदी स्वच्छ, दोष फक्त रंगात. डीव्हीडीवर रंगाची माहिती उजेडाच्या मानाने आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी निम्मी ठेवलेली असते. इंटरलेस्ड खूण असलेल्या फ्रेममध्ये ही निम्मी वाटणी दर फील्डाला वेगळी होते. चित्र प्रोग्रेसिव्ह असले तरी रंग इंटरलेस्ड पद्धतीने साठवलेला आहे, आणि तो प्रोग्रेसिव्ह समजून वाचला की रंगाच्या ओळी अर्ध्या जागेवरून घसरतात.

म्हणून आधी रंग इंटरलेस्ड आहे असे सांगून उभ्या दिशेने पूर्ण करून घेतला आणि मग प्रोग्रेसिव्ह पद्धतीने पुन्हा निम्मा केला. उपरण्याची कड सरळ झाली. इतक्या बारीक दोषासाठी ही उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. पण दशावताराच्या वेशात लाल रंग किती असतो हे ज्याने पाहिले आहे तो असे म्हणणार नाही.

दुसरी अडचण नावपट्टीची. बोलणारा माणूस प्रोग्रेसिव्ह, आणि त्याच्या नावाची पट्टी डावीकडून फील्डागणिक सरकत येते. पट्टी स्थिर होईपर्यंतच्या १५ फ्रेममध्ये चेहरा स्वच्छ आणि पट्टीला कंगवे. पूर्ण फ्रेम डीइंटरलेस करून पाहिली तेव्हा मृदंगवादकांच्या चष्म्याची बारीक सोनेरी कडा पायऱ्या-पायऱ्यांची झाली, पट्टी थांबताच पुन्हा सरळ झाली आणि पाहणाऱ्याला चष्मा लुकलुकल्याचा भास होऊ लागला. म्हणून त्या फ्रेमचे दोन भाग केले: खालच्या १२० ओळी डीइंटरलेस करायच्या आणि वरच्या ४५६ विणलेल्याच ठेवायच्या. जोड सदऱ्याच्या साध्या पांढऱ्या भागावर येत असल्याने दिसत नाही. अशा नऊ पट्ट्या आहेत, येण्याच्या आणि जाण्याच्या मिळून अठरा जागा.

२ जुलै २०२५

डीव्हीडीवरचे पिक्सेल समचौरस नसतात, त्यांच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाचा प्रश्न थोडक्यात उरकला. पूर्ण ७२० रुंदी ४:३ धरली तर प्रमाण १६:१५ येते, आणि मधली सुमारे ७०४च रुंदी धरली तर १२:११. मुलाखतीच्या मागे भिंतीवर गोल घड्याळ आहे. ते ६१ पिक्सेल रुंद आणि ६६ उंच भरले. भागाकार १.०८, म्हणजे दोन्ही प्रमाणांच्या जवळपास मध्येच. घड्याळाने साक्ष दिली नाही. कॅमेऱ्याच्या चित्राला डाव्या-उजव्या कडेला काळ्या पट्ट्या आहेत, त्यावरून १२:११ स्वीकारले.

६ जुलै २०२५

आता मुख्य निर्णय: शेवटच्या फाइलची गती कोणती ठेवायची. तीन वाटा होत्या.

सगळे २५ फ्रेमवर आणले तर फाइल साधी होते, पण ६१ मिनिटांच्या प्रयोगातले प्रत्येक दुसरे फील्ड टाकून द्यावे लागते. तलवारीची आणि झांजेची हालचाल निम्मी होते. दुकानदाराच्या फाइलमध्ये कंगवे नसते, तरीही हीच उणीव राहिली असती.

दुसरी वाट बदलत्या गतीची: प्रयोग ५० फ्रेमने, मुलाखती आणि फिल्म २५ने, आणि प्रत्येक फ्रेमची वेळ फाइलमध्ये नोंदलेली. तत्त्वतः हीच सर्वांत प्रामाणिक वाट. मॅट्रोस्का फाइलमध्ये ती करूनही पाहिली आणि संगणकावर ती उत्तम चालली. पण मामांच्या टीव्हीला पेन ड्राइव्हवरून ही फाइल कशी झेपेल याची खात्री नाही, आणि पुढे कोणी यातला तुकडा संकलनात घेतला तर बदलती गती न समजणारा प्रोग्रॅम ध्वनी हळूहळू मागे-पुढे नेतो, हे मी स्वतः आधीच्या एका कामात भोगले आहे.

म्हणून तिसरी: सगळे एकाच ५० फ्रेमच्या गतीने. इंटरलेस्ड भागातल्या प्रत्येक फील्डाची एक पूर्ण फ्रेम करायची, आणि प्रोग्रेसिव्ह भागातली प्रत्येक फ्रेम जशीच्या तशी दोनदा ठेवायची. पहिला आक्षेप असा येतो की दुप्पट फ्रेम म्हणजे दुप्पट जागा. तसे होत नाही. दुसरी फ्रेम पहिलीची नक्कल असल्याने एक्स२६४ हा एन्कोडर तिचे जवळजवळ सगळे ठोकळे 'मागचेच घ्या' असे सांगून मोकळा होतो. एकाच मुलाखतीचे दहा मिनिटांचे दोन नमुने त्याच दर्जावर करून पाहिले. ५० फ्रेमचा नमुना चार टक्क्यांनीही मोठा झाला नाही. २५ हा ५०चा बरोबर निम्मा असल्यामुळे पालमध्ये हे सुखाने जमते. अमेरिकेच्या एनटीएससी या व्हिडिओ पद्धतीमध्ये फिल्मची २३.९७६ ही गती ५९.९४मध्ये सरळ बसत नाही, चार चित्रे दहा फील्डांवर २-३-२-३ अशी पसरावी लागतात, आणि अशा मिश्र डिस्कवर काम करणाऱ्याची मला मनापासून कीव येते.

१३ जुलै २०२५

प्रयोगाच्या भागासाठी बीडब्ल्यूडीआयएफ आणि क्यूटीजीएमसी या दोन डीइंटरलेसरांची तुलना केली. पहिला जवळपासच्या ओळी आणि आजूबाजूची फील्डे पाहून गाळलेली ओळ भरतो. वेगवान आहे, पण मंडपाच्या आडव्या बांबूंच्या कडा थरथरत राहतात. दुसरा आजूबाजूच्या फ्रेममधून हालचालीचा माग काढून ओळ भरतो, त्यामुळे स्थिर वस्तू खरोखर स्थिर होतात. माझ्या संगणकावर तो सेकंदाला १८ फ्रेम तयार करतो, म्हणजे ६१ मिनिटांच्या १,८३,००० फ्रेमना पावणेतीन तासांहून थोडा अधिक वेळ.

क्यूटीजीएमसीची मूळ मांडणी मात्र जशीच्या तशी घेता येत नाही. हालचाल जुळवताना तो चित्रातले कण पुसत जातो. संकासुर पूर्ण काळ्या वेशात येतो, मागे रात्रीचा अंधार. कण पुसले की त्याची आकृती मागच्या अंधारात विरघळते आणि घडीव काळ्या शाईचा डाग उरतो. कण हा खरे तर कॅमेऱ्याचा दोष, पण या दृश्यात वेशाच्या चुण्या त्या कणांमुळेच ओळखू येतात. म्हणून मूळचे कण परत मिसळण्याची सोय चालू केली आणि धार वाढवण्याचे प्रमाण कमी केले.

झांजेपुढे दोघांनीही हात टेकले. झांजा एकमेकींवर आपटून दूर होतात तो क्षण दोन फील्डांत संपतो, आणि हालचालीचा माग काढणारा फिल्टर एका झांजेची कड दुसरीला चिकटवतो. एका फ्रेममध्ये तर वादकाच्या अंगठ्याला पितळी नख फुटले आहे. अशा चार जागांवर बीडब्ल्यूडीआयएफचाच निकाल ठेवला. तिथे पायऱ्या दिसतात, पण निदान तिथे नसलेले काही दिसत नाही.

२० जुलै २०२५

खराब झालेल्या सात जागांसाठी मामेभावाने न्यू जर्सीतल्या एडिसनहून त्याच्याकडच्या डिस्कची प्रतिमा पाठवली. २००७मध्येच तिकडच्या नातेवाइकांसाठी एनटीएससी प्रत काढली होती, हे मला माहीत नव्हते. डिस्क सुस्थितीत आहे, एकही सेक्टर गेलेला नाही. आनंद मात्र अर्धा तासच टिकला.

५० फील्डांची ५९.९४ करताना त्या वेळच्या प्रोग्रॅमने नवी फील्डे शेजारच्या दोन फील्डांची सरमिसळ करून बनवली आहेत. पाचाची सहा करायची असल्याने सहा फील्डांत जेमतेम एखादे शुद्ध सापडते. युद्धाच्या प्रसंगात मामांच्या हातात दोन तलवारी दिसतात, एक गडद आणि एक फिकी. मूळ चित्र २५पी असते तर अशी सरमिसळ उलगडणारे फिल्टर आहेत, कारण तिथे एकच चित्र अनेक फील्डांत पुन्हा येते आणि त्यातले स्वच्छ निवडता येते. इथे मुळातले प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचे आहे, त्यामुळे निवडायला दुसरी प्रतच नाही. शिवाय उंचीही ५७६ वरून ४८० झाली आहे. ही प्रत ठिगळ लावण्यासाठी वापरायची नाही, असे ठरवले. चार सेकंदांचे ठोकळे परवडले. ते निदान हानी म्हणून ओळखू येतात.

३ ऑगस्ट २०२५

मालाडच्या मावशीच्या कपाटात तीच डिस्क निघाली! पाल, त्याच वर्षी जाळलेली, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत. दोन्ही डिस्क एकाच मूळ प्रतिमेवरून जाळल्या असतील तर त्यांचे सेक्टर एकास एक जुळतील, या आशेवर आधी दोन्हींचा आकार आणि काही हजार सुस्थितीतले सेक्टर ताडून पाहिले, तंतोतंत जुळले. मग डीडीरेस्क्यूला जुनी प्रतिमा आणि जुनी नकाशा-फाइल देऊन नवी डिस्क वाचायला लावली. त्याने फक्त उरलेले ९६ सेक्टर उचलले. सगळे आले. मावशीच्या डिस्कवरही ओरखडे आहेत, पण दुसऱ्या ठिकाणी.

मावशीला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, ती मी कधी लावलीच नाही." त्यामुळेच ती टिकली.

१० ऑगस्ट २०२५

अंतिम एन्कोडिंग झाले. एक्स२६४, सीआरएफ (दर्जाचा आकडा) १७, 'स्लोअर' पातळी, ७२०×५७६, पिक्सेल १२:११, ५० फ्रेम, आणि रंगपद्धतीची पालची खूण स्पष्ट लिहून. ध्वनी १९२ केबीपीएसचा एसी-३ आहे, तो न बदलता तसाच उचलला. डीजीइंडेक्स ध्वनीच्या फाइलच्या नावातच विलंब लिहून ठेवतो. इथे उणे ८० मिलिसेकंद होता आणि पहिल्या फेरीत मी तो द्यायला विसरले. मृदंगावर थाप पडून हात वर उचलला गेल्यावर आवाज ऐकू येणे म्हणजे काय हे प्रत्यक्ष पाहिले, आणि जोडणी पुन्हा केली. फाइल ३.१ जीबीची झाली.

नातेवाइकांनी इंटरनेटवरून पाहण्यासाठी १४४०×१०८० अशी दुसरी प्रतही काढली. यूट्यूब ७२० ओळींपेक्षा लहान चित्राची ५० फ्रेमची गती टिकवत नाही, म्हणून चित्र मोठे करणे भाग होते. मोठ्या चित्रासाठी रंगपद्धती जुन्या टीव्हीच्या ६०१ वरून एचडीच्या ७०९ वर बदलून घेतली, नाहीतर चेहऱ्यांचे रंग बदललेले दिसतात. डिस्कची दुरुस्त झालेली मूळ प्रतिमा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली आहे, सोबत ११८ तुकड्यांची यादी आणि अ‍ॅव्हीसिंथची लिपीही. उद्या याहून चांगला डीइंटरलेसर आला तर वही पुन्हा लिहावी लागू नये.

२९ ऑगस्ट २०२५, कुडाळ

काल आरत्या झाल्यावर मामांच्या टीव्हीवर फाइल लावली. प्रयोगाचा भाग सुरू झाला तेव्हा खोलीत पंधरा-वीस माणसे होती. युद्धाच्या प्रसंगात दुसरा कॅमेरा आला आणि थरथर नव्हती. मामांनी ते लगेच हेरले.

मुलाखती मात्र विचित्र दिसल्या. मृदंगवादक तेलावरून घसरत असल्यासारखे मान हलवत होते. मी दोनदा ठेवलेल्या फ्रेमच्या मध्ये काहीतरी नवीन दिसत होते, आणि क्षणभर वाटले की नावपट्टीसाठी फ्रेम कापताना कुठे चूक झाली. रिमोट हातात घेऊन सेटिंगमध्ये शोधले. हालचाल गुळगुळीत करण्याची टीव्हीची स्वतःची सोय चालू होती, आणि नक्कल फ्रेम ओळखून तिच्या जागी तो आपल्या मनाची फ्रेम बनवत होता. ती बंद केली. मामा म्हणाले, "आता बराबर. मगाशी तो माका म्हातारो नाय वाटलो."

ती सोय पुन्हा चालू होऊ नये म्हणून कुठल्या मेनूत काय दाबायचे ते कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवले आहे.